तो बोर, ती बोर, ते बोर

फळ्यावर लिहिलं: बदर.
खाली बाण काढला.
मुलांनो, मधला द झिजतो, उरतो ब आणि र,
मग ओठ गोल होतात, कुणीतरी म्हणतं बोर.
शतकानुशतकं जिभेवर घोळवल्यावर
शब्दाचं एवढंच राहतं,
गर गेलेली आठळी.

तिसऱ्या बाकावरून तेजल बडगुजर म्हणाली,
"सर, बोर होतंय."
वर्ग हसला. मीही हसलो.
व्याकरणाच्या दृष्टीने तिचं काही चुकलं नव्हतं.

खिडकीबाहेर त्याच वेळी
तामिळनाडूच्या पाटीची गाडी
शाळेच्या आवारात दांड्यावर दांडा उतरवत होती.
निंबा शिपाई दारातून डोकावला,
भुवयांवर पांढरी भुकटी:
"चारशे फूट झालं सर, नुसता फुफाटा."

म्हणजे झाड असलं तर ती बोर,
तिच्यावरचं ते बोर,
आणि जमिनीत घुसून कोरडा वर येणारा तो.
एकाच तासिकेत तिन्ही लिंगं फिरून आला शब्द.
मी वहीत नोंद केली. मला तेवढंच येतं.

संध्याकाळी पुलावरून चालत निघालो.
खाली बोरी नदी, म्हणजे वाळू,
वाळूत क्रिकेटचे तीन स्टंप.
काठाला बोरी होत्या म्हणून ती बोरी,
असं मी दरवर्षी सांगतो.
पुरावा माझ्याकडे नाही.
काठाला आता बाभळी आहेत, आणि एक वॉशिंग सेंटर.

अमळनेर स्टँडच्या कोपऱ्यावर सुपडाबाई कोळी,
पुढ्यात सूप, सुपात बोरं,
काही हिरवी, काही सुरकुतून लाल.
"मेहरूननी शेतस, ले."
मेहरूणची नव्हती. पारोळा रोडच्या बांधावरची होती,
तिला ठाऊक, मला ठाऊक.
विचारलं, मावशी, ह्याला बोर का म्हणतात?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी सुट्ट्यांऐवजी दोन हजारांची नोट काढली होती.

"बोरले बोरच म्हंतस भाऊ.
मना नाव इचार.
मनापहिले तीन मरी गयात.
माले जनमतच सूपडामा टाकं,
मंग मी वाचनू.
नाव असं ऱ्हास."

मी वही काढली नाही.
ती एका हाताने सूप हलवत होती,
किडकी आपोआप कडेला येत होती.

मग तिने माझ्या आईचं गाव विचारलं.
म्हटलं, बोरखेडे.
"मंग तू मना भाचा लागस!
मी बी तठलीच."
कुणाच्या दारात बोरीचं झाड,
कुणाच्या गाडीला बोरीचं चाक,
एवढ्यावर जुळलेल्या नात्याला
आमच्या विषयात बादरायण संबंध म्हणतात,
आणि परीक्षेत त्याला दोन गुण असतात.
भाच्याला तिने मूठभर वाढवून दिली.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

कागदाची पुडी वळता वळता म्हणाली,
"शाळामा पानी लागनं का?"
नाही म्हटलं.

"कसं लागी.
तठे बोर व्हती, मास्तर,
मागला कुंपनले, मोठी.
पोरे दगड मारेत, मी खाले येचू.
ती तोडीसन तुम्हीन बोर मारा."

एवढंच म्हणाली, आणि धुळ्याच्या गाडीतून
उतरणाऱ्या बाईकडे वळून
"मेहरूननी, मेहरूननी" सुरू केलं.

तिच्या वाक्यात ती होती, तो होता.
ते माझ्या तोंडात होतं,
आंबट, जरासं तुरट,
आणि दाताखाली कडक झालेलं.
थुंकायला कुंडी शोधली, मिळाली नाही.
पुलापर्यंत गालात धरून आलो.
तिथेही वाळूच होती.
उद्या दुसऱ्या तासाला आठवी ब.